सभेची जाजम झटकावयास गेली ती हकीकत

श्री. सर्व पाहणारा आणि काही न बोलणारा जो देव, त्यास नमन. शके सत्राशे साठ, विलंबीनाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यात (नाव पुसो नये, पुसणाराचा आम्हांस संशय येतो) जे वर्तमान जाहले ते ऐसे. त्या राज्यास राजा नव्हता, सभा होती, आणि सभेस सिंहासन नव्हते, एक थोर लाल जाजम होती. रिवाज ऐसा की जाजम पडेल तेथे सभा, आणि चोपदाराने काठी आपटोन "जाजम पडली! सवाल असेल त्याने पुसावा!" म्हणोन ललकारले की काठाशी बसल्या रयतेनेही पुसावे, आणि सवाल सरल्याविना कोणी थोराने उठो नये. जाजमेचे दरोगे सुभानजी खराडे. जाजम ठेवावयाचे कोठीची किल्ली त्यांचे कमरेस, आज्यापासोन चालत आली. माणूस इमानी, परंतु संशयी इतका की घरची आमटी पातळ लागली तरी शेजारणीकडे पाहावे.

एके दिवशी सुभानजींनी जाजम उलगडली, तो तीत जांभळा गुलाल आणि जिलबीचा चुरा. सभेत जिलबी कैची? तेथे पाणीही मागोन मिळत नसे! मग नाक लावोन हुंगिली, तो आमराईचा वास. जांभळी पागोटी बांधणारा जो पक्ष, त्याचे मेळावे आमराईत होत, आणि पक्षाचे धनी राजश्री रंगराव आबा, तेच सभेचेही अध्यक्ष. सुभानजी मनी म्हणाले, "कुंपणच शेत खाते की काय?" परंतु किल्ली आपले कमरेस, मग जाजम गेली कैसी? संशय मेहुण्यावर धरिला, मग पहारेकऱ्यावर धरिला, आणि बायकोवर धरणार तो ती म्हणाली, "अहो, दुपारी ढाराढूर घोरता. किल्ली कोणी काढोन नेली तर ती काय ओरडणार आहे?" इतक्यात पांढऱ्या पागोट्यांचे म्होरके जिवाजीपंत भर सभेत गर्जले की, सभेची जाजम आणि सभेचा चोपदार पक्षाचे कार्यास नेता, लाज नाही! आबा शांतपणे बोलिले, "झटकावयास गेली असेल. आणि नेली असेल तर किल्ली ज्याची त्यास पुसा. पुढील सभेत दरोग्याचा निकाल करू." ऐसे म्हणोन हात झटकोन मोकळे जाहले. चोर सोडोन संन्याशास सुळी, आणि आज्याची किल्ली आपल्या हातोन जाणार!

दुसरे दिवशी दुपारी सुभानजी खोटेच घोरत पडिले, आणि पापणीआडोन पाहातात तो बाळोजी चोपदार! रोज पान खावयास येणारा! किल्ली काढिली, जाजम खांद्यावर घेतली आणि निघाला, आणि सुभानजी मागोमाग. आमराईत जाजम पडली, आबा लोडास टेकोन बसले, जांभळी पागोटी भोवती, आणि रयत जिलबीच्या वासाने काठाशी जमली. मागील मेळाव्यास बाळोजीस मुके उभे केले होते, आज ताकीद होती की केवळ आबांचा जयजयकार करावा. परंतु उभा जन्म एकच ललकारी दिलेली! लाल रंग पायाखाली आला आणि सवयीने काठी आपटली, "जाजम पडली! सवाल असेल त्याने पुसावा!" आबांनी कपाळास हात लाविला. सुभानजी काठाशी उभे राहोन म्हणाले, "आबासाहेब, ही जाजम कोणाची?"

आबा मोठे कावेबाज. हसोन बोलिले, "सभेची. आणि जाजम तेथे सभा, हाच रिवाज ना दरोगे? तर ही सभाच भरली, जाजम सभेबाहेर गेलीच नाही! आणि भरलीच आहे तर तुमचा निकालही आताच. किल्ली ठेवा." पागोट्यांनी वाहवा केली. सुभानजींचे डोळे भरले, हात कमरेस गेला, आणि तेथेच थांबला, कारण इतके गोड उत्तर कोणी फुकट देत नाही. मग हळूच मांडी घालोन बसले आणि बोलिले, "ठेवितो. परंतु सभा आहे तर सवाल सरल्याविना उठणे नाही. काय हो मंडळी, कोणास काही पुसणे आहे?" आता रयतच ती! जखाई कुंभारीण म्हणाली, "आबा, आमच्या आळीचा आड कधी उपसता?" दुसरा म्हणाला, "नाक्यावरचा कर कोणाच्या घरी जातो?" आणि एकाचे सरले की दुसऱ्याचे, आणि जिलबी निवाली, आणि आबांच्या पायास मुंग्या आल्या. मग जखाई पुनः म्हणाली, "मागील मेळाव्यासही हीच अंथरली होती, तेव्हा का पुसो दिले नाही?" तो आबा उसळोन ओरडले, "अगं बये, ही सभा नव्हे! हा आमच्या पक्षाचा मेळावा आहे!"

सुभानजींनी किल्ली कमरेस घट्ट खोविली आणि म्हणाले, "मग सभेची जाजम येथे कशास आली?" आबा उठो लागले, परंतु जाजम पायाखाली, रयत काठाशी, आणि सवाल अजून सरला नव्हता.

पुढे आबा प्रकृतीचे कारण सांगोन अध्यक्षपदावरोन उतरले, आणि त्या जागी जिवाजीपंत बसले. आठवड्यात पंत कोठीशी येवोन मधाळ बोलिले, "दरोगे, तुमच्यासारखा इमानी नाही. जाजम मळली दिसते, आमच्या मळ्यात झटकावयास पाठवा." सुभानजींनी त्यांच्या पांढऱ्या पागोट्याकडे पाहिले, कोनाड्यातील काठी त्यांचे हाती दिली आणि म्हणाले, "येथेच झटका, पंत. मी धरितो."

येणेप्रमाणे जाजमेचे वर्तमान. पागोट्याचा रंग पालटला, दरोग्याचा संशय पालटला नाही. हल्ली ते दुपारी निजत नाहीत.