निर्धोक रसायनशास्त्र

भावी प्राथमिक शिक्षकांना रसायनशास्त्र शिकवताना कोणालाही इजा होऊ नये, असा ठराव महाविद्यालयाच्या समितीने एकमताने केला. तोवर कोणालाही इजा झालेली नव्हती. पण ती होण्याची वाट पाहत बसणं समितीला बेजबाबदारपणाचं वाटलं.

रसायनाच्या बाईंनी आम्लाच्या बाटल्या मुकाट्याने परत केल्या. एके काळी त्यांच्या वर्गातल्या मुली बोटांवरचे डाग दागिन्यासारखे मिरवत, आणि घरी जाऊन आईला डाग काढायचं शास्त्र शिकवत. आता बर्नरही गेला. बाईंनी लिंबू आणि खायचा सोडा आणला. फेस फरशीवर आला, तेव्हा कोणी घसरून पडण्याची शक्यता नोंदवण्यात आली. मग त्यांनी नुसतं पाण्यात मीठ विरघळवलं. त्यावर पर्यवेक्षकांनी विचारलं, की मीठ दिसेनासं झालं, तर भांडारात त्याचा जाब कोण देणार?

अखेर प्रयोग फळ्यावर काढायचे ठरले. मेणबत्ती पांढऱ्या खडूने, ज्योत पिवळ्या. ज्योत काढताना जवळ पाण्याची बादली असावी, एवढीच अट होती.

तरीही मुली शंका विचारतच राहिल्या. तेव्हा कुठे समितीला रोगाचं मूळ सापडलं. शिक्षकाला रसायन समजलं, की तो ते समजावतो. समजावलं, की मुलं प्रश्न विचारतात. आणि प्रश्न सुरू झाले, की तासात धडा संपत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मंजूर झालं: ‘हे पुढच्या इयत्तेत आहे.’ अंतिम परीक्षाही तेवढ्याचीच.

बाईंचा जीव एका मुलीत अडकला होता. वर्ग तिला भोचक म्हणे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, पाठच्या बहिणी शिकणाऱ्या. नोकरी तिला हवीच होती. आणि माहीत असलेलं उत्तर पोटात ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं. जन्मभर मुलींना बोलतं करत आलेल्या बाईंनी परीक्षेआधी तिला बाजूला घेतलं आणि तोंड आवरायची गळ घातली.

परीक्षकांनी लहान मुलाचा आवाज काढला. “टीचर, मेणबत्ती जळून संपली. मग मेण गेलं कुठे?”

भोचकच्या चेहऱ्यावर उत्तर लख्ख उमटलं. बाईंनी मान खाली घातली.

“हे पुढच्या इयत्तेत आहे, बाळा.”

“आणि तिथे विचारलं तर?”

“त्याच्या पुढच्या.”

पूर्ण गुण मिळाले. बाहेर आल्यावर बाईंनी तिला जवळ घेतलं. “सुटलीस गं बाई.” आता ही काहीतरी विचारणार, म्हणून त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. पोरीने काहीच विचारलं नाही.

आज ती आदर्श शिक्षिका म्हणून ओळखली जाते. तिच्या वर्गातली मुलं घरी आल्यावर कोणाचं डोकं खात नाहीत, असं पालक कौतुकाने सांगतात. तुमच्याही घरी हल्ली बरीच शांतता असेल. तशी ती असावी, म्हणून समितीकडे पहिला अर्ज तुम्हीच तर केला होता.