रिकाम्या भिंतीच्या बंदोबस्ताची हकीकत

श्री रंग आणि श्री नाद उभयतां रक्षण करोत. शके सोळाशें चौऱ्याऐंशी, चित्रभानू नाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीपासून दिवाळीपर्यंत राज्यांत जें वर्तलें तें पाहिलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव लिहूं नये ऐसी ताकीद आहे, म्हणून लिहिलें नाहीं. ज्याचें त्यास कळेल.

राज्य थोर, महाराज न्यायी, दयाळू, आणि कारभारी गिरमाजीपंत सांगतील त्यास मान हालविणारे. पंतांची ख्याति ऐसी कीं त्यांनीं उभ्या आयुष्यांत रिकामें म्हणून कांहीं राहूं दिलें नाहीं. पाटावर आपण बसावें आणि उरले जागीं पानदान ठेवावें, आणि कोणी बोलतां बोलतां श्वास घ्यावयास थांबला तर तेवढ्यांत आपण बोलून घ्यावें. ऐसें असतां महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब, वय सत्तरीपार, यांचे डोळ्यांत पडळ आलें, आणि वैद्यांनीं पाहून सांगितलें जे दिवाळीपर्यंत उजेड राहील, पुढें कठीण. मग आऊसाहेबांनीं एकच मागितलें, जे आपले बैठकीसमोरील भिंतीवर लेकाची तसबीर काढवावी, उरला उजेड तीजवर खर्च व्हावा. दासीनें विचारिलें कीं प्रत्यक्ष महाराज असतां तसबीर कशास, तेव्हां आऊसाहेब बोलिल्या, “तो येतो दहा दिवसांनीं, तोही उभ्या उभ्या. तसबीर तरी बसून राहील.” हें वर्तमान महाराजांस कोणी सांगितलें नाहीं, चांगल्या राज्यांत ऐसीं वर्तमानें सांगत नसतात.

मग सटवाजी जिनगर चितारी यास बोलाविलें. हा मनुष्य कमी बोलणारा, त्यामुळें दरबारीं त्याची गणना अडाण्यांत. त्यानें पहिले तीन दिवस कुंचला हातीं धरिला नाहीं. डोळ्यांवर दुहेरी मलमल बांधून आऊसाहेबांचे बैठकीवर बसून राहिला आणि समोर काय दिसतें, काय दिसत नाहीं, तें पाहत राहिला, आणि चौथे दिवशीं कामास लागला. भिंत चौदा हात लांब. सगळी पांढरी ठेविली आणि मधोमध न काढितां किंचित् डावेकडे महाराज बसलेले काढिले. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकच जाड काळी रेघ, आणि मस्तकीं तांबडें पागोटें, आणि मिशीखालीं बोटभर सावली. बाकी कांहीं नाहीं. मलमल बांधून पाहिलें तरी महाराज दिसत, आणि ते महाराजच दिसत, दुसरें कोणी नव्हे.

हें पाहावयास पंत सुतळी घेऊन आले, आणि सुतळीनें भिंत मोजिली, आणि महाराज मोजिले, आणि म्हणाले जे चौदा हातांत महाराज दोन हात, मग बारा हात भिंत कोणाचे हुकुमानें बसून खाते? मग पंतांनीं चित्रविद्येची हजेरी मांडिली. रेषा हजर. आकार हजर. रंग हजर, परंतु एकटा तांबडा. छाया हजर, मिशीखालीं. तोल कोठें आहे म्हणून पुसिलें तेव्हां सटवाजीनें पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखविलें, आणि पंतांस तेथें कांहीं दिसलें नाहीं, म्हणून तोल गैरहजर लिहिला. तेथून उठून पंत गायनशाळेंत गेले, जे विद्या विद्या सारख्याच, एकीचे खोडीस दुसरीही जामीन. तेथें हैबती गुरव पखवाजी शागिर्दांस हातानें ताल शिकवीत होता. तीन ठिकाणीं टाळी द्यावी आणि एके ठिकाणीं हात हवेंत उलटा सोडावा, ऐसी त्यांची वाडवडिलांपासून रीत. त्या जागेस खाली म्हणतात. पंतांनीं स्वर हजर, लय हजर ऐसें लिहिलें आणि त्या हवेंतल्या हाताशीं येऊन थांबले.

“हा हात कोठें गेला होता?” ऐसें पंतांनीं विचारिलें.

हैबतीनें हात जोडून सांगितलें, “सरकार, कोठें जात नाहीं. तो रिकामा सुटतो म्हणून पुढें सम येते हें कळतें.”

पंतांनीं लिहिलें जे गुरवाचा हात चारांत एक वेळ कामचुकारी करितो आणि तोंडानें कबूलही करितो. मग हुकूम सुटला कीं आजपासून राज्यांत बोटभर भिंत आणि मात्राभर वेळ रिकामा राहूं नये, राहिल्यास करणारास वेशीबाहेर घालावें. सटवाजी महाराजांपाशीं गेला आणि म्हणाला जे आऊसाहेबांस दिसणार नाहीं. महाराज शिकारीस निघत होते. त्यांनीं पंतांकडे पाहिलें, आणि पंतांनीं मान हालविली, आणि महाराजांनींही हालविली, आणि घोडे निघाले.

मग भिंतीवर जागा मिळावी म्हणून सरदारांचे अर्ज आले. कोणास तोफेपाशीं उभें राहावयाचें, कोणास घोड्यावर. हत्ती नऊ आले, किल्ले पांच, आणि पंत स्वतः तीन ठिकाणीं, एकदां समोरून आणि दोनदां बाजूनें. खोटें कशास लिहूं, प्रस्तुत लेखकानेंही अर्ज केला होता आणि थोरल्या हत्तीचे पोटाखालीं जागा मिळविली होती; नाक बरें साधलें होतें. सटवाजीनें सर्वांस काढिलें. वेशीबाहेर गेला तर ही भिंत पुन्हा हातीं लागावयाची नाहीं, एवढ्याचसाठीं काढिलें, ऐसें तो मागाहून बोलिला.

दसऱ्याचे दिवशीं आऊसाहेबांचे बैठकीपाशींच दरबार भरला आणि भिंतीवरील पडदा सारिला. गाणें सुरू झालें. हैबती हुकुमाप्रमाणें मात्रेमात्रेवर थाप देई, त्यामुळें सम कोठें हें कोणासच उमगेना. एरवीं समेवर सगळा दरबार एकदम मान डोलावतो, तो आज जो तो आपले अदमासानें डोलावूं लागला, आणि दोन सरदारांचीं कपाळें एकमेकांवर आपटलीं. इतक्यांत आऊसाहेब आल्या. एव्हांना उजेड पुष्कळ मावळला होता. त्यांनीं भिंतीवर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत नजर फिरविली आणि कांहीं सांपडेना, मग जवळ जाऊन हातानें चांचपूं लागल्या, आणि थोरल्या हत्तीवर हात ठेवून थांबल्या आणि हंसून बोलिल्या, “बाळ अंगानें भरला हो. बरें झालें.”

दरबारांत कोणी हंसलें नाहीं. पंत म्हणाले जे होय, आऊसाहेब, तेच ते. मला त्या क्षणीं माझें नाक आठवलें आणि लाज वाटली. मग महाराज गादीवरून उठले आणि म्हणाले, “आई, तो हत्ती आहे.” आऊसाहेबांनीं हात काढून घेतला आणि विचारिलें, “मग तूं कोठें आहेस?”

महाराज भिंतीपाशीं गेले आणि आपणांस शोधूं लागले. हत्ती पाहिले, किल्ले पाहिले, पंत तीन वेळां भेटले, स्वतः भेटेनात. शेवटीं हत्तीचे सोंडेखालीं तांबडें पागोटें दिसलें, आणि महाराज सटवाजीकडे वळले आणि त्यास काय हवें तें विचारिलें. सटवाजीनें चुन्याची घागर मागितली.

मग त्यानें दाट चुना लाविला. हत्ती गेले, तोफा गेल्या, सरदार घोड्यांसकट गेले, मीही गेलों. हैबतीनें हें पाहिलें, आणि हुकूम कोणी फिरविला नसतां पखवाजावरून एक हात उचलून हवेंत उलटा सोडिला, आणि क्षणभर सगळें थांबलें, आणि सम आली, आणि सगळ्या दरबाराची मान एकदम हालली. आऊसाहेब बैठकीवर जाऊन बसल्या होत्या. त्या बोलिल्या, “दिसला. वाळला आहे ग माझा बाळ.” आणि रडल्या. महाराज त्यांचे पायांपाशीं दिवे लागेपर्यंत बसून राहिले, आणि दुसरे दिवशीं आले, आणि तिसरे दिवशींही.

पंतांनीं सटवाजीस एकटा गांठून आपण तिन्ही ठिकाणचे कोठें गेलों तें विचारिलें. सटवाजीनें पांढरी भिंत दाखविली आणि म्हणाला, “आपण या बारा हातांत आहांत, पंत. आपण आहांत म्हणून महाराज दिसतात.” पंतांस हें फार मानवलें. तेव्हांपासून परगांवचा वकील आला कीं पंत त्यास भिंतीपाशीं नेतात आणि पांढऱ्या भागाकडे हात करून म्हणतात, हे आम्ही. पाहुणे मान हालवितात.

सारांश ऐसा. दिवाळींत आऊसाहेबांचा उजेड गेला. त्या अजून त्याच बैठकीवर भिंतीकडे तोंड करून बसतात, आणि महाराज रोज येऊन शेजारीं बसतात, फारसें बोलत नाहींत. तालांत हात पुन्हा हवेंत सुटतो. बारा हात भिंत पंतांची आहे, तीस कोणी हात लावीत नाहीं. येथून खालीं कागद कोरा सोडिला आहे तो चुकून नव्हे.