बस्त्यावमामांचा कान

बस्त्यावमामा सीलंट कानाने निवडतात. थेंबभर चीक अंगठ्यात आणि तर्जनीत घेतात, बोटं चिकटवतात, कानाशी नेऊन सावकाश सोडवतात आणि डोळे मिटून निकाल देतात. "ह्याचं मन लागनार नाय इंजिनात." मग पुढची ट्यूब.

उमेळ्यात चिकूच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज. माझ्या स्कूटरच्या क्लचच्या झाकणातून तेल गळायचं. काम काय, तर झाकण उघडायचं, नवं पॅकिंग घालायचं, त्याला सीलंट फासायचं, झाकण बसवायचं. तासाभराचा मामला. मामा दोन रविवार घेत. लाल ट्यूब, काळी ट्यूब, करडी ट्यूब, शेलॅकची, म्हणजे लाखेच्या चिकाची बाटली असं सगळं मांडून उकाडा, दमट हवा आणि माझं वजन यांचा विचार करत. एकदा मी वैतागून म्हणालो, "कुठलंही लावा." मी पोटची पोर कुणाच्याही घरी द्यायला निघालोय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

शेवटी लागायचं ते शेलॅकच. आणि तीन महिन्यांत आमच्या इमारतीच्या नव्या लाद्यांवर तेल पुन्हा हजर. सोसायटीच्या सेक्रेटरीची तिसरी चिठ्ठी आली, तेव्हा बायकोने जाहीर केलं की मामांकडे ही शेवटची खेप, यापुढे स्टेशनाजवळचा मेकॅनिक. मी ते मामांना सांगूनही टाकलं. मामा लाल ट्यूबचा थेंब कानाशी धरून नुसते बसून राहिले.

तेवढ्यात राजोडीचा एक मासळीवाला क्लचची वायर तुटलेला टेम्पो घेऊन आला आणि मामांचं कौतुक सांगू लागला. पाच वर्षांपूर्वी त्यांनी पॅकिंग बसवलं, तेव्हापासून थेंब गळलेला नाही, गॅरेजची पायरी आजच चढतोय.

तो गेल्यावर मी विचारलं, "त्याला काय लावलं होतं?"

"करडी."

"आणि मला दर वेळी शेलॅक?"

मामांनी चिंधीने एकेक बोट पुसलं. "तो पाच वर्षं आला नाय ना, मास्तर."

बाकावर थर्मास होता आणि दोन कप. मामी गेल्यापासून दुसरा कप माझाच.

"आज करडीच लावू," म्हणत त्यांनी ट्यूबचं टोपण काढलं. मी ती त्यांच्या हातातून घेतली, थेंब बोटांवर घेतला, कानाशी नेला आणि डोळे मिटले.

"मामा, हिचं मन लागणार नाही."

घरी जाताना बाजारातून एक पत्र्याचं ताट घेतलं, स्कूटरखाली ठेवायला.