मालूकाकींचा पाव

"दार हळू लावा की! पीठ झोपलंय आत!"

हे मालूकाकी एवढ्या मोठ्यानं ओरडतात की पिठाचं सोडा, अख्ख्या गल्लीची दुपारची झोप उडते. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. पुण्याच्या लेकीनं ओव्हन पाठवला आणि बाईंना पावाचं वेड लागलं. मळलेला मैदा पातेल्यात ठेवायचा, वर घोंगडं पांघरायचं आणि शेजारी स्टूल टाकून राखण करायची. आपण गेलो की चहा नंतर, आधी पिठाची तब्येत ऐकायची. "सकाळपास्नं जरा मलूल वाटतंय बघ."

पहिला पाव मी खाल्ला. खाल्ला म्हणजे प्रयत्न केला. सुरी वाकली हो! दुसरा इतका फुगला की डब्याबाहेर येऊन ओव्हनच्या जाळीतून खाली लोंबला. तिसऱ्याला तर कहरच. यीस्ट जिवंत असतं हे काकींना कुणीतरी सांगितलं. "जिवंत हाय न्हवं? मग त्याला खायला बी आपल्यासारखंच लागणार," म्हणून त्यांनी त्यात मूठभर कांदा-लसूण चटणी घातली! वर आणखी मीठ. यीस्ट बिचारं जागच्या जागी गेलं. पाव पोळपाटासारखा चपटा. मी हसून हसून लोळायच्या बेतात, आणि काकी तो बोटानं ठोकून बघत म्हणाल्या, "शिकतोय की अजून!"

त्यांचं हे ठरलेलंच. जळला, शिकतोय की. कच्चा राहिला, शिकतोय की. मात्र तीच चूक पुन्हा नाही, हे कबूल केलं पाहिजे. पाणी कोमट हवं, मीठ बेतानं, मळताना घाई नको, हे सगळं त्या एकेक पाव वाया घालवून शिकल्या. वाया म्हणजे आम्हाला खायला घालून! ओव्हनचा वास आला की गल्लीतली माणसं कामं आठवून पसार व्हायला लागली.

मग काकींनी पैजच लावली. "रविवारी मिसळ माझ्याकडं. बेकरीचा ब्रेड कुणी आणायचा न्हाय. माझा पाव कटात विरघळला, तर ओव्हन पोरीला परत!"

आली का पंचाईत! कोल्हापुरात मिसळीची चेष्टा चालत नाही. पाव फसला तर फसला, पण मुळात कुणी येईल का, याचीच मला धास्ती.

रविवारी सकाळी मी आधीच जाऊन बसलो. ओव्हनच्या काचेला नाक लावून आम्ही दोघं. पाव वर आला, सोनेरी झाला, तरी मला धीर नाही. काकींनी कापला. आत जाळी! मऊ! मी तुकडा कटात बुडवला, वर काढला. अख्खा!

"काकी, जमलं की वो!" मी खिडकीतून अशी बोंब ठोकली की गल्ली धावत आली. आत जागा पुरेना, तेव्हा माणसं पायरीवर ताटल्या घेऊन बसली. कट संपला, पाव संपला, चुरासुद्धा कुणी ठेवला नाही. एवढा आनंद मला बोनसलाही झाला नव्हता.

सगळे गेल्यावर भांडी विसळायला मी थांबलो. काकींची बोटं मळून मळून सुजली होती. ती बघून माझं टाळकंच फिरलं. म्हणालो, "आता झालं ना मनासारखं? पाव भाजायचा लहान डबा आणून देतो. एकटीपुरता करत जा की!"

काकी पहिल्यांदाच हळू बोलल्या.

"एकटीपुरती भाकरी असती रे. तुझं काका गेल्यापास्नं तीच थापतोय. एक थापायची, गॅसपाशी हुबं ऱ्हाऊन खायची, झालं. पाव तसा न्हाय. त्यो केला की कुणाला तरी बोलवावंच लागतं."

हातातली ताटली मी उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.

"काकी," मी म्हणालो, "लहान राहू दे. उद्या मोठा डबा आणतो."