ठिपका गोल नसल्याबाबत

नेम चुकण्याची कारणं अनेक असतात. वारा असतो, धुकं असतं, काडतूस जुनं असतं, कुत्रं ऐन वेळी भुंकतं. नेम धरणारा माणूस हे कारण मात्र स्टूरबेकन गावच्या शिकार मंडळाच्या दप्तरात एकसष्ट वर्षांत एकदाही नोंदलेलं नाही.

एव्हर्ट लिडमान हा या मंडळाच्या चौदा सभासदांतला सर्वांत अनुभवी (न लागलेल्या गोळ्यांचा अनुभव धरून). लाकूडगिरणीतून निवृत्त झालेला, सालस, सगळीकडे वेळेआधी पोचणारा माणूस. सलग तीन वर्षं सप्टेंबरात त्याने सहा नंबरच्या ठाण्यावरून, सकाळच्या धुक्यात, एल्कवर एकेक गोळी झाडली होती. एल्क हे घोड्याहून उंच हरीण. ते चुकवायला खास कौशल्य लागतं. दर वेळी मंडळाची कुत्री टेसा हिला माग काढायला सोडलं. दर वेळी ती हुंगून परत आली आणि एव्हर्टच्या तोंडाकडे बघत बसली.

वसंतातल्या सभेत शिकारप्रमुख मायवोर म्हणाली, "एव्हर्ट, यंदाही टेसाला फुकट पळवलंस, तर पुढच्या वर्षीपासून तू कॉफीची शेकोटी सांभाळायची."

शेकोटी सांभाळणं मानाचं काम समजलं जातं. तिथून आजवर कोणी परत बंदुकीवर आलेलं नाही.

एव्हर्टला झोप लागेना. सकाळी तो बायकोला म्हणाला, "गुनेल, मला रेड डॉट घ्यायला हवा."

रेड डॉट ही बंदुकीवर बसवायची छोटी काच. तिच्यातून पाहिलं की मधोमध लाल ठिपका दिसतो. ठिपका जनावरावर आला की चाप ओढायचा. इतकं सोपं असल्यामुळे निवड फार अवघड होते. ठिपका 'दोन'चा घ्यावा की 'चार'चा, यावरून या भागात सोयरिकी मोडल्या आहेत. शंभर मीटरवर 'दोन'चा ठिपका बटाटा झाकतो, 'चार'चा ठिपका कॉफीची बशी. (एल्क दोन्हींनी झाकला जात नाही.) एव्हर्टने अकरा आठवडे अभ्यास केला, सत्तावीस माहितीपत्रकं वाचली, त्यातली नऊ समजली, आणि 'दोन'चा घेतला.

चौथ्या दिवशी तो ओर्यनच्या शिकारसामानाच्या दुकानात परत आला.

"ठिपका गोल नाही रे. स्वल्पविरामासारखा दिसतो."

ओर्यनने काचेतून पाहिलं. त्याला गोल दिसला. पण दोष गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आहे असं दुकानदाराने म्हणू नये, एवढं त्याला बावीस वर्षांत कळलं होतं. "मग 'चार'चा ने. मोठ्याला गोल व्हायला जागा मिळते."

'चार'चा ठिपका रानबोरांच्या घोसासारखा दिसला. तिसऱ्या कंपनीचा चांदणीसारखा, तर चौथ्या कंपनीच्या ठिपक्याला शेपूट होतं.

गुनेलने स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेम धरून पाहिलं. "गोल आहे की!"

"तुला सवय नाही, म्हणून."

प्रकरण मंडळाकडे गेलं. मायवोर, ओर्यन आणि तक्रारदार स्वतः, अशी तीन जणांची समिती नेमली गेली. समितीने चारही ठिपके दोन तास पाहिले, मध्ये दालचिनीचे पाव खाल्ले, आणि ठिपका दोन विरुद्ध एक मतांनी गोल ठरवला. अल्पमताची नोंद घेण्यात आली.

एव्हर्टने मग पाचव्या कंपनीचा रेड डॉट मागवला. तो येईपर्यंत गुनेल म्हणाली, "माझा चष्मा बदलायचाय, सोबत चल." दवाखान्यात पोचल्यावर कळलं की वेळ एव्हर्टच्या नावाने घेतलेली आहे.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. "ठिपका गोलच आहे हो. तुमच्या डोळ्याला थोडा बाक आहे."

चष्मा आणि पाचवा रेड डॉट एकाच आठवड्यात आले. एव्हर्टने चष्मा लावून बंदूक उचलली. ठिपका गोल होता, अगदी नाण्यासारखा.

"बघ," तो गुनेलला म्हणाला, "चांगली कंपनी ती चांगली कंपनी."

हंगामाच्या पहिल्या दिवशी सकाळी, धुक्यात, सहा नंबरच्या ठाण्यासमोर एल्क उभा होता. शिंगं तीच, जागा तीच. एव्हर्टने ठिपका खांद्यावर आणला. चष्मा नीट केला. मग बंदूक खाली ठेवली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. त्याचे कान तापले. शेवटी त्याने वायरलेसवर मायवोरला बोलावलं.

तो उन्मळून पडलेला एक स्प्रूस वृक्ष होता, मुळं हवेत. मुळांच्या मधोमध तीन गोळ्या रुतल्या होत्या, कॉफीच्या कपाने झाकल्या जातील इतक्या जवळ.

"या तुझ्या?" मायवोरने विचारलं.

"तीन वर्षांच्या आहेत."

तिने कप खरंच टेकवून पाहिला. "नेम आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला आहे तुझा. पण यापुढे काय दिसतंय ते आधी मला सांगायचं, चाप नंतर. कळलं?"

"कळलं."

गुरुवारी एव्हर्टने सांगितलं, "मायवोर, याला पाय आहेत. चालतोय." परवानगी मिळाली. एकच गोळी, आणि एल्क जागेवर कोसळला. टेसाने हुंगलं, आणि एव्हर्टकडे बघून तिने पहिल्यांदाच शेपूट हलवलं. एव्हर्टने पाठ वळवून चष्मा खिशात टाकला आणि डोळे पुसले. फोटोला उभा राहताना चष्मा त्याने खिशातच राहू दिला.

फोटो सभागृहात लागला. शेजारी मायवोरच्या हस्ताक्षरात तीन गोळ्या आणि एका कपाची हकिगत. (त्या तीन गोळ्या त्याच बंदुकीच्या, पण रेड डॉट नसतानाच्या, हे कुणी लक्षात घेतलं नाही.) महिन्याभरात उरलेल्या तेराही सभासदांनी पाचव्या कंपनीचा रेड डॉट घेतला. ओर्यनने दुकानाला नवी पाटी लावली.

"चष्म्याचं सांगितलंस का त्यांना?" गुनेलने विचारलं.

"त्यांना दिसतं नीट," एव्हर्ट म्हणाला.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मंडळाकडे सहा लेखी तक्रारी आल्या आहेत. विषय: ठिपका गोल नसल्याबाबत. नवी समिती नेमण्यात आली आहे.

हे वाचताना ज्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं आहे, त्यांनी बारीक छपाईबद्दलची आपली तक्रार प्रकाशकाकडे लेखी पाठवावी. अशा तक्रारी बऱ्याच येतात. छपाई नेहमीचीच आहे.