सर्वमान्य आकडा

लोखंडी सळई किती भाराला तुटते, हा प्रश्न त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फार पूर्वीच निकालात निघाला होता. आकडा ठरलेला होता. तो कोणी ठरवला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण वरच्या वर्गाच्या जर्नलमधून खालच्या वर्गाच्या जर्नलमध्ये तो इमानेइतबारे उतरत आला होता आणि सळई बिचारी त्या आकड्याबाहेर कधी गेली नव्हती. सळई तोडायचं यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खाकी आवरणाखाली उभं असे. पाहणीला बाहेरचे लोक आले की आवरण निघे, यंत्र पुसलं जाई आणि लोक गेले की पुन्हा आवरण चढे. त्याहून जास्त वापर म्हणजे निव्वळ झीज, असं प्रयोगशाळेच्या सरांचं स्वच्छ मत होतं.

या सुरळीत कारभारात एका विद्यार्थ्यामुळे विघ्न आलं. मित्र त्याला शंकासुर म्हणत आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. त्याने एके दिवशी आवरण उचलून पाहिलं. यंत्राला वायर होती, प्लग नव्हता. त्याने स्वतःच्या खर्चाने प्लग आणला, सांध्यांना तेल घातलं, सळई अडकवली आणि बटण दाबलं. सळई कडाडकन तुटली, पण ठरलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्म्यावर.

“सर, सळई लवकर तुटली.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे यंत्र बिघडलंय.”

“नाही सर, आत्ताच तर दुरुस्त केलं.”

“तेच म्हणतोय मी. तू हात लावेपर्यंत त्याने एकदाही चुकीचं रीडिंग दिलं नव्हतं.”

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. माणूस सज्जन होता. त्यांनी जर्नल चाळलं आणि हळहळत विचारलं, “अख्ख्या वर्गाचा आकडा एक आणि तुझा एकट्याचा वेगळा. असं कसं झालं रे?”

“मी प्रयोग केला, सर.”

“होतं असं कधीकधी,” परीक्षक म्हणाले. “पुढच्या वेळी काळजी घे.” आणि त्यांनी त्याला नापास केलं.

घरी बाबांचा पारा चढला. त्यांची सगळी नोकरी एका कचेरीत आवक-जावक बघण्यात गेली होती आणि आलेला कागद उघडून न वाचता पुढे पाठवला की माणूस सुखी राहतो, हा त्यांचा स्वानुभव होता. “सगळे लिहितात तेच लिहायला तुझं काय जात होतं?”

“सळई तिथे तुटत नाही, बाबा.”

“सळई गेली खड्ड्यात. तू कुठे तुटणार आहेस ते बघ आधी!”

आई कोपऱ्यात गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. “अहो, पण पोराने खरं तेच लिहिलं ना?”

“अगं, मग खऱ्याला मार्क किती पडले ते विचार त्याला.”

शंकासुराने कानाला खडा लावला. पुढच्या वेळी त्याने ठरलेला आकडा सुवाच्य अक्षरात उतरवला. त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले आणि सरांनी लाल शाईत शेरा दिला, ‘निरीक्षणशक्ती उत्तम.’ अशा रीतीने तो इंजिनिअर झाला.

नोकरी मिळायला मात्र चपला झिजवाव्या लागल्या. शेवटी इमारतींच्या लिफ्ट तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला. “समजा, मोजलेला आकडा आणि अपेक्षित आकडा जुळला नाही. काय कराल?”

“मोजलेला सुधारेन, सर.”

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. “कुठलं कॉलेज?” त्याने सांगितलं. “वाटलंच मला! मीही तिथलाच.”

कंपनीचं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं. पहिल्या दिवशी शंकासुर लिफ्टपाशी उभा राहिला, तर साहेबांसकट सगळे इंजिनिअर घाम पुसत जिना चढताना दिसले. ‘काय ही तब्येतीची हौस!’ असं मनाशी म्हणत तोही त्यांच्यामागून निघाला. लिफ्ट नव्हती अशातला भाग नाही. चांगली आरशाची लिफ्ट होती. ती पाहुण्यांसाठी ठेवलेली होती.

काम शिकायला फार वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये वजनं ठेवून ती भार पेलते का हे बघायचं, असं नियमात लिहिलं होतं. वजनं ऑफिसात होती. एकाने वाऱ्याने आपटणारा दरवाजा अडवून धरला होता आणि बाकीच्यांवर साहेबांच्या कुंड्या होत्या. “वजनं वाहून न्यायची म्हणजे किती त्रास,” साहेब म्हणाले. “अनुभवी माणूस भार नजरेने टाकतो.” तपासणीला गेलं की लिफ्टचं दार उघडतं आणि मिटतं एवढं बघायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे चहा घ्यायचा आणि सही करायची. दोराच्या ताकदीचा रकाना तर आधीच छापलेला होता. त्यातला आकडा बघून शंकासुर दचकला. तो त्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

“साहेब, हा तर कॉलेजच्या सळईचा आकडा. दोर आणि सळई यांत फरक असतो ना?”

“कागदावर आल्यावर काय फरक राहतो?” साहेबांनी प्रेमाने विचारलं. “आणि हे बघ, इतक्या वर्षांत त्या आकड्याबद्दल एकही तक्रार नाही.”

प्रोबेशन संपत आलं. पर्मनंट होण्याआधी एकट्याने एक तपासणी करून दाखवायची पद्धत होती. त्याच सुमाराला नेमकी त्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तपासणीला आली आणि साहेबांनी ती त्याला दिली. “घरचंच कार्य आहे. घरीच जेव, दुपारपर्यंत उरकून टाक.”

बाबांनी ही बातमी प्रत्येक मजल्यावर जातीने पोचवली. सकाळी लिफ्टपाशी हीऽ गर्दी जमली. सोसायटीचे अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून आले, सेक्रेटरीने प्रमाणपत्रासाठी नवी फ्रेम आणून ठेवली. शंकासुराने दार उघडून आणि मिटवून पाहिलं. तेवढ्यावर थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण जित्याची खोड म्हणा, तो गच्चीवरच्या, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत गेला आणि दोर बघून बसला. दोराच्या तारा जागोजागी तुटून जुन्या झाडूसारख्या विस्कटल्या होत्या. सातव्या मजल्यावर राहणारी त्याची आई दिवसातून चारदा या लिफ्टने वर-खाली करत होती.

त्याने साहेबांना फोन लावला. “साहेब, दोर गेलाय.”

“कुठे गेला?”

“म्हणजे तुटायला आलाय. मी पाहिला.”

“कोणी सांगितलं होतं तुला बघायला?” साहेबांचा आवाज दुखावलेला होता. “हे बघ, नापास लिहिलंस तर पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीला बोलावणार. आणि मला मग तुझ्या पर्मनंट होण्याचा नव्याने विचार करावा लागेल. आता तू म्हणशील तसं.”

तो खाली आला आणि चाचरत म्हणाला, “दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी लागेल.”

एकच गिल्ला झाला. बाबांनी त्याला बाजूला ओढलं. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईचे गुडघे बघ! ती सात मजले चढणार कशी?”

“दोर तुटला तर, बाबा?”

“इतकी वर्षं तुटला का?”

शंकासुराने शेवटचा प्रयत्न केला. “ठीक आहे. पास लिहितो. फक्त नियमाप्रमाणे भार टाकून बघू. वजनं नाहीत, तेव्हा तुम्हीच आत उभे राहा. एकदा खालून वर जाऊ.”

लिफ्टचं दार उघडं होतं. आतला पंखा फिरत होता. अध्यक्षांना अचानक एक फोन आठवला. सेक्रेटरींना गॅसवर दूध ठेवल्याचं स्मरण झालं. एक गृहस्थ म्हणाले, आपला लिफ्टवर पूर्ण विश्वास आहे, म्हणून तर तपासायची गरज वाटत नाही. बाबांना पाय मोकळे करायचे होते. दोन मिनिटांत लिफ्टपाशी शंकासुर आणि फ्रेम एवढेच उरले. थोड्या वेळाने जिन्याच्या वळणावरून अध्यक्षांनी डोकं बाहेर काढलं. “मग करताय ना सही?”

त्याने सही केली.

संध्याकाळी फ्रेम लिफ्टमध्ये लागली आणि सकाळी पळालेली सगळी मंडळी तिच्यासमोर गर्दी करून वर गेली. अध्यक्ष सहकुटुंब गेले. दोन खेपा झाल्या. लिफ्ट थोडी कुरकुरत होती, पण फ्रेमची काच छान चकाकत होती.

दुसऱ्या दिवशी शंकासुर पर्मनंट झाल्याचं पत्र घेऊन घरी आला, तेव्हा आई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरत होती.

“आई, बाहेर ये.”

“का रे? तुझी सही आहे ना आत? सकाळपासून सगळ्यांना दाखवतेय मी.”

त्याने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. पिशवीतले टोमॅटो घरंगळले. “जिन्याने जाऊ. मी धरतो तुला. तब्येतीला बरं असतं.”

एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने लेकाचा खांदा धरून आई एकेक पायरी चढू लागली. शेजारून लिफ्ट वर गेली. आतून शेजारणीच्या लेकरांच्या हसण्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावर आई थांबली, धाप ओसरू दिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मला तू धरलंस. बाकीच्यांना कोण धरतंय रे?”

त्याने भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे, आई.”

आईने त्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि उरलेले मजले नुसता कठडा धरून चढली.

शंकासुराची आता बढती झाली आहे. मोठमोठ्या इमारती त्याच्याकडे असतात. कदाचित तुमचीही असेल. आज वर जाताना फ्रेममधली सही जरा बघा. ती वाचता आली नाही तरी हरकत नाही. जिन्यात कोणी इंजिनिअर धापा टाकत चढताना दिसला, तर मात्र त्याला एकदा विचारा, लिफ्ट चालू असताना जिन्याने का. तो म्हणेल, तब्येतीला बरं असतं. तुम्ही मान डोलवाल आणि बटण दाबाल.