हेलनबाईंचं यवतमाळ

हेलनबाईंसोबत बाजारात जायचं तर आपल्या मागं नाली आहे का, हे आधी बघून ठेवावं लागतं. टमाटरचा ढीग असो की सायकलच्या दुकानावरची पाटी, ही बाई भर रस्त्यात थांबते, हात आडवा करते आणि हुकूम सोडते, "दोन पावलं मांगं व्हा! आता पाहा." आमचे हे एकदा असेच मागं सरकले ते घोट्याएवढ्या चिखलात. बाईंनी विचारलं, "तिथून चांगलं दिसते ना?" हे म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार बिचारे!

बाई मूळच्या पोर्तुगालच्या. तिकडं एका मोठ्या कलासंग्रहालयात क्युरेटर होत्या. म्हणजे कोणतं चित्र कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, कोणाच्या शेजारी लावायचं, हे ठरवायचं. माझ्या सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे खिळे ठोकाचं काम?" बाईंना हसू आवरेना. "हो आजी, तेच!" तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं.

झरी जामणीकडच्या बांबूच्या टोपल्या पाहायला म्हणून आल्या आणि तीन दिवसांसाठी आमची वरची खोली घेतली. त्याला झाली अकरा वर्षं. आता कोणी नवा माणूस यवतमाळात आला की बाई त्याला गाव दाखवायला नेणारच. देऊळ नाही, बगीचा नाही. सलीमभाईच्या गॅरेजची भिंत! गाड्या दुरुस्त करता करता तेलाचे हात टेकून टेकून तिच्यावर शेकडो काळे पंजे उमटले होते. मग वानखडेकाकूंचं दार. वरचा निळा रंग उडालेला, त्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा. बाई त्या दाराकडं अशा बघायच्या की आत कोणी बाळंत झालंय की काय असं वाटावं. "पाहून राह्यले ना? तीस वर्षं आहेत याच्यात!" मी म्हणायची, "बाई, तीस वर्षं काकांनी आळस केला, एवढंच आहे त्याच्यात."

यंदा मात्र बाईंचं हसू आटलं. थोरली बहीण टेरेझा येणार होती. दोघींना एकमेकींशिवाय रक्ताचं कोणी नाही. टेरेझाचं म्हणणं सरळ होतं. चार दिवस राहीन. तुझं तिथं खरंच कोणी आहे असं दिसलं तर राहा, नाहीतर माझ्यासोबत परत चल. बाई हो म्हणून बसल्या, आणि मग त्यांची झोप उडाली. बहिणीला गाव दाखवायचं म्हणून त्यांनी आपल्या भाषेत एक रजिस्टर लिहायला घेतलं. मला म्हणाल्या, "गल्लीतल्या लोकांले पन सांगा. मी घरं सांगते, तुमी मराठीत यादी करून द्या."

इथं माती खाल्ली ती मी. तीस वर्षं सरकारी कारकुनी केलेला हात माझा. मी लिहिलं: 'सलीमभाई, भिंतीवर तेलाचे काळे हात. वानखडे, दाराचा रंग उडालेला.' अशी अकरा घरं. खाली ओळ ठोकली, 'सोमवारी प्रत्यक्ष पाहणी होईल.' आणि घरोघर नेऊन दिली.

सोमवारी बाई बहिणीला घेऊन निघाल्या. गॅरेजसमोर उभ्या राहिल्या, रजिस्टर उघडलं, आणि वर पाहतात तर भिंत पांढरीफटक! सलीमभाई ताठ मानेनं म्हणाले, "दोन हात चुना मारला, बाई. एक डाग शोधून दाखवा!" पुढं काकूंचं दार चकाकत होतं. टेरेझानं कौतुकानं हात लावला, तर अख्खा पंजा निळा. यादीतल्या अकराच्या अकरा तक्रारींचं निवारण झालं होतं. बाई मटकन ओट्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"काहून रडून राह्यल्या, बाई? रंग आवडला नाई काय?" काकू घाबरल्या. "तुमची बहीण तुमाले घेऊन जाईन म्हनत होते सारे. म्हटलं, आमच्या दारापायी नको व्हाले."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. टेरेझानं काकू काय म्हणाल्या ते बहिणीकडून समजून घेतलं. मग निळा हात न पुसताच तिनं काकूंचा हात हातात घेतला.

संध्याकाळी मी नेहमीसारखी जिन्याखालून ओरडले, "हेलनबाई, जेवल्या काय?" टेरेझाच खाली आली, हातात रजिस्टर. मागोमाग बाई, लाल डोळ्यांच्या. टेरेझानं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. मला काय कळणार त्यातलं? खरं तर मी मनात फुगलेलीच होते. यादी सांगताना माझं घर तेवढं बाईंनी वगळलं होतं.

बाई हळू आवाजात वाचून सांगू लागल्या. "'शेवटची जागा, आमचा जिना. इथं पाहासारखं काई नाई. संध्याकाळी उभं राहून ऐकाचं. खालून एक बाई विचारते, जेवल्या काय? अकरा वर्षांत एक दिवस चुकली नाई. तिकडं मी चाळीस वर्षं राह्यली, मले कोनी विचारलं नव्हतं.'"

मी पदर डोळ्याला लावला. अहो, मी ते काही मायेनं विचारत नव्हते हो! सवय आपली. उरलेली भाजी द्यायची तर विचारायला नको? आता ते तरी कुठल्या तोंडानं सांगू?

चार दिवसांनी आम्ही टेरेझाला एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. तिकीट एकच होतं. बहिणी गळ्यात पडून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. गाडी सुटायच्या आत टेरेझानं खिडकीतून माझा हात घट्ट धरला. बाईंकडून दोन शब्द घोकून आणले होते, ते एकेक अक्षर जपून म्हणाली,

"रोज विचारजा."